बप्पा, तुमचा 'खरी सुरक्षा'वाला फॉरवर्ड वाचला, आता माझं जरा ऐका

भावकीच्या ग्रुपवर परवा रात्री बप्पानं एक मेसेज टाकला, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड' असं लिहिलेला, आणि सकाळपर्यंत तोच मेसेज मला अजून चार ग्रुपवर दिसला, त्यातला एक तर शाळेच्या बॅचचा ग्रुप जिथं एरवी फक्त वाढदिवसाचे केक येतात. मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. देशाची सुरक्षा म्हणजे बॉर्डर, सैन्य आणि क्षेपणास्त्रं, बाकी 'ऊर्जा सुरक्षा', 'जल सुरक्षा', 'हवामान' हे एसीत बसलेल्या विद्वानांनी काढलेलं खूळ. कोळसा आपल्याकडं शेकडो वर्षं पुरंल एवढा आहे. सोलर म्हणजे चीनच्या हातात मान देणं. हवामान बदल हे गोऱ्यांचं नाटक, दुष्काळ तर बहात्तरला पण पडला होता. युरोपनं सोलर-पवनचक्क्या करून बघितल्या आणि गुपचूप कोळशावर परत आला. आणि शेवटी, समित्या-प्राधिकरणं-नियम सगळं गुंडाळा, एक कणखर माणूस बसवा, काम होतंय. खाली झेंडे, जोडलेले हात, दहा ग्रुपवर पाठवा.

बप्पा, तुम्ही बहात्तरला खडी फोडलेला माणूस, तुमच्यापुढं ग्रुपवर तोंड वर करून बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून इथं लिहितोय. पण आपलं गाव बीड जिल्ह्यातल्या परळीपासून फटफटीवर अर्ध्या तासावर आहे, या मेसेजमधली निम्मी वाक्यं आपल्याच भागात तपासता येतात, आणि तेवढं तरी कुणी केलं पाहिजे का नाही?

कोळशापासून सुरू करू. कोळसा आहे, एकदम मान्य, २०२४-२५ मध्ये देशानं १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढला हा आकडा खरा आहे. मग परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, २०१३ च्या फेब्रुवारीत बंद कामून पडलं होतं? कोळसा संपला म्हणून नाही, त्याला पाणी पुरवणाऱ्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून. वाफ करायला पाणी, संच थंड करायला पाणी, राख वाहून न्यायला पण पाणी, नुसता कोळसा जाळून लाईट निघत असती तर आपल्या चुलीवर पण बल्ब लागला असता. २०१५ च्या जुलैत परत तेच, आणि त्या टायमाला तर केंद्र लई दिवस थंड राहिलं, कंत्राटी पोरं घरी बसली, गेटसमोरच्या टपऱ्या सुन्या पडल्या, हे तुम्ही-मी डोळ्यानं बघितलंय. वीज गेली ती पाण्यापायी, आणि पाणी गेलं ते पावसापायी आणि वरच्या धरणांपायी. आता यातलं 'ऊर्जा' कुठलं, 'हवामान' कुठलं आणि 'कारभार' कुठला, हे वेगळं करून दाखवा म्हणावं त्या मेसेजवाल्याला.

आणि पाणी असलं तरी कोळसा खाणीतून बॉयलरपर्यंत यावा लागतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांकडं सरासरी चार दिवसांचा साठा उरला होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये ऊन एवढं तापलं, एसी-कूलरनं मागणी एवढी वाढली की रेल्वेनं पॅसेंजर गाड्या रद्द करून कोळशाच्या मालगाड्यांना वाट दिली, आणि महाराष्ट्रात लोडशेडिंग परत आलं. जमिनीखाली शेकडो वर्षांचा कोळसा असलेला देश चार दिवसांच्या साठ्यावर आला होता, बप्पा.

आता मेसेजमध्ये जे लिहिलंच नाही ते सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तेल. एवढा मोठा सुरक्षेवरचा मेसेज आणि त्यात तेल-गॅसचा एक शब्द नाही! आपण वापरतो त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. स्वयंपाकाचा गॅस साधारण ६० टक्के बाहेरचा, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. ही पट्टी सगळ्यात चिंचोळ्या जागी ४० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे परळीहून अंबाजोगाई आणि वर थोडं, बस. जगातल्या तेलाचा पाचवा हिस्सा तिथून जातो. २०२५ च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस भिडले तवा सगळ्या जगाचा जीव त्या पट्टीत अडकला होता. आणि आपल्याकडं सरकारनं अडीअडचणीला म्हणून जमिनीखाली साठवायची सोय केली ती विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादुर इथं, ५३ लाख टनांची, म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी देशाला साडेनऊ दिवसांच्या आसपास पुरणारी. कंपन्यांच्या टाक्यांमधलं वेगळं, ते धरलं तर दिवस वाढतात, पण वर्ष-सहा महिने नाही. बॉर्डरवरचा रणगाडा पण डिझेलवरच चालतो ना? मग सैन्य ही सुरक्षा आणि डिझेल हे खूळ, असं कसं?

आणि हे नुसतं गाडीत तेल टाकण्यापुरतं नाही. युरिया बनतो नैसर्गिक गॅसपासून, आणि तो गॅस आपण निम्म्याच्या आसपास बाहेरून आणतो. डीएपी खताचं तर विचारूच नका, चीननं निर्यात आवळली आणि २०२५ च्या खरिपात पेरणीच्या तोंडाला डीएपीची टंचाई झाली. दुकानदार डीएपीच्या एका गोणीबरोबर नको असलेली दोन औषधं गळ्यात मारायचा, लिंकिंग म्हणतात त्याला, तो भाग वेगळा. पण दुकानदाराला तसली संधी मिळाली कारण माल बंदरावर आलाच नव्हता.

सोलर आणि चीन. इथं मेसेजमध्ये तथ्य आहे आणि ते नाकारायचं काही कारण नाही. सोलर पॅनल बनवायच्या साखळीतला ८० टक्क्यांच्या वर हिस्सा चीनच्या हातात आहे, ही काळजीचीच गोष्ट आहे, म्हणून तर सरकार आयात शुल्क, मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी, उत्पादनाला प्रोत्साहन असं सगळं करतंय. पण मेसेज इथून उडी मारतो की मग सोलरच नको. थांबा की जरा. समजा उद्या चीननं पॅनल देणं बंद केलं, तर माझ्या शेतातलं पॅनल उद्या सकाळी बंद पडणार का? नाही. ते पुढची वीस-पंचवीस वर्षं चालणार, नवीन बसवायला तेवढी अडचण येईल. आणि उद्या तेलाचं जहाज थांबलं तर? महिन्या-दोन महिन्यांत पंपावर रांग. बैल विकत घेणं आणि रोज वैरण विकत घेणं यात जो फरक आहे तोच इथं आहे, वैरणवाला रुसला की दावणीला उपास, बैल विकणारा रुसला तर निदान हा बैल तरी औत ओढतोय.

हां, सोलरवाल्यांची आरती पण मी ओवाळणार नाही. आम्ही 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधून ५ एचपीचा घेतला, १० टक्के हिस्सा भरला, बाकी अनुदान, आणि पहिल्या दिवशी उन्हात पाणी पडलं तवा आई टाळ्या वाजवत होती, कारण रात्रीची लाईट, दोन वाजता उठून बॅटरी घेऊन पिकाच्या पाण्याची दारं धरायला जाणं, साप-इंचू, आता वरून बिबट्याची भीती, हे सगळं सुटलं. मग वळवाच्या वाऱ्यात दोन पॅनल उचकटून पडले, स्ट्रक्चरचे बोल्ट नुसते हातानं आवळलेले होते. पाच वर्षांची दुरुस्ती कंपनीकडं आहे म्हणून तक्रार टाकली, फोन केला तर म्हणे तुमचा जिल्हा दुसऱ्या माणसाकडं गेलाय, त्या दुसऱ्याचा नंबर बंद. दीड महिना शेवग्याला आणि उसाला शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी घेतलं. हा पण सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि तो चीननं केलेला नाही, बोल्ट न आवळणाऱ्यानं आणि बिल पास करणाऱ्यानं केलाय.

युरोपचं दोन ओळीत उरकतो, आपल्याला त्यांचं काय एवढं. रशियानं २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला, युरोपियन युनियन आपला ४० टक्क्यांच्या आसपास आयात गॅस रशियाकडून घेत होती, तो आटला, म्हणून जर्मनीनं काही बंद कोळसा केंद्रं तात्पुरती चालू केली, हे खरं. पण २०२३ मध्ये त्याच जर्मनीत निम्म्याच्या वर वीज वारा-ऊन-पाणी-बायोगॅस यातून आली. त्यांना फसवलं ते एकाच दुकानदाराकडं उधारीचं खातं ठेवण्यानं, पवनचक्कीनं नाही. त्यांची शेवटची तीन अणुकेंद्रं त्यांनी ऐन अडचणीत, २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद केली, तो मला विचाराल तर मूर्खपणा वाटतो, पण मेसेजवाल्याला तो मुद्दा सापडलाच नाही.

आता बहात्तर. बप्पा, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे, की बहात्तरला खायला धान्य नव्हतं, लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, नालाबंडिंगवर गेलात, पण विहिरीत घागर बुडंल एवढं पाणी होतं. आणि २०१६ ला? रेशनवर गहू-तांदूळ होता, दुकानात सगळं होतं, आणि लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर १४४ कलम लावलं होतं, म्हणजे घागरीसाठी पाचाच्या वर माणसं जमली तरी जमाव. कायदा-सुव्यवस्थेचं कलम पाण्याच्या टाकीपाशी लागतंय आणि तरी पाणी हा सुरक्षेचा विषय नाही म्हणायचं!

तवा दोन्ही दुष्काळ एकसारखे म्हणता येत नाहीत. मधल्या काळात बोअर ७०० - ८०० फुटांवर गेले, ऊस वाढला, त्यात हवामानाचा वाटा किती आणि आपल्या हावेचा किती हे मी पण तोडून सांगू शकणार नाही. पण एवढं शास्त्र साधं आहे की हवा एक डिग्री तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि जग सव्वा डिग्रीच्या पुढं तापलंय, म्हणजे पडला तर धो धो, नाही तर महिनाभर खंड. २०२५ आठवा. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावात पाणी शिरलं आणि लष्कराची तुकडी बोलवावी लागली. सप्टेंबरमध्ये परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढली, जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, सोयाबीन शेंगेसकट कुजलं आणि माती खरवडून गेली ती वेगळीच. मेसेज म्हणतो सुरक्षा म्हणजे सैन्य. मग सैन्य आपल्या मराठवाड्यात कशासाठी आलं होतं?

गोऱ्यांचं नाटक या शब्दात थोडा राग आहे आणि तो मला पटतो. अमेरिकेतला माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला माणूस दोन टन. हिशोब त्यांनी द्यावा हे बरोबर. पण घर आपलं गळतंय तर पत्रा आधी टाकायचा का शेजाऱ्याशी भांडण मिटेपर्यंत थांबायचं? पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी योजनेत आपल्या भागातल्या लोकांनी शेडनेट, ठिबक, शेततळी घेतली, ती योजना मुळात हवामान बदलासाठीच होती, फक्त ते नाव कुणी घेत नाही म्हणून ती नाटकात मोजली जात नाही.

राहिला कणखर माणूस. २००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, समन्यायी वाटप म्हणतात ते, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटणं, त्यातच आहे. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा नियम त्यातूनच पुढं आला, कोर्टात टिकला. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ऑक्टोबर संपता संपता निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबर संपत आला, मधी वरच्यांची आंदोलनं, कोर्ट, पत्रापत्री, आणि नदी कोरडी असली की वाटंतच किती मुरतं ते वेगळं. म्हणजे नियम आहे तरी एवढा उशीर. तुम्ही म्हणताय नियमच गुंडाळा. गुंडाळू, पण आपण धरणाच्या खालच्या अंगाला राहतो, बप्पा, आणि तो कणखर माणूस वरच्या अंगाचा निघाला तर काय करायचं, तेवढं त्या मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. मी दोनदा नीट वाचून बघितला.