चिनी उच्चारांचा शोध तांगुत लिपीत कशासाठी?

लिप्यांच्या गप्पांत एक दावा वरचेवर फिरतो: तांगुत लिपी (चीनच्या वायव्येला राहणाऱ्या मध्ययुगीन तांगुत लोकांची) ही चिनी अक्षरांची क्लिष्ट नक्कल, तिचे उच्चार चिनीवरूनच ठरवलेले, मग तिच्यावरून चिनी भाषेचा इतिहास काढणं म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर चढून बसणं. ऐकायला पटतं. यातला एकच मुद्दा वजनदार आहे, तो शेवटी घेतो.

‘नक्कल आहे.’ पश्चिम श्या या तांगुत राज्याचा राजा युआनहाओ याने 1036 मध्ये ही लिपी लागू केली. अक्षरं 6000च्या आसपास. घाट चौकोनी, फराटे चिनी वळणाचे. पण चिनी जाणणाऱ्याला त्यातलं काही वाचता येणार नाही. भाषा तर तिबेटो-बर्मी गटातली.

‘अजून उलगडलेलीच नाही.’ हे निव्वळ जुनं ऐकीव. रशियन अभ्यासक निकोलाय नेव्हस्कीने या कामात आयुष्य घातलं, 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीत तो मारला गेला, आणि त्याच कामाला 1962 मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला!

‘चिनी उच्चारांसाठी चिनी कोश आहेतच.’ आहेत, पण 1008चा गुआंगयुन हा यमककोश (अक्षरं यमकानुसार लावून उच्चार देणारा कोश) उभा आहे 601च्या च्हिएयुन या तशाच कोशाच्या चौकटीवर. मधल्या चारशे वर्षांत लोकांचं बोलणं बदललं, कोशातले वर्ग बहुतांशी तेच राहिले. त्यात चिनी अक्षर उच्चार बदलला तरी रूप बदलत नाही. म्हणून बाहेरच्या लिपीत लिहिलेली चिनी लागते.

आता तो वजनदार मुद्दा: ‘हे वर्तुळ आहे.’ अंशतः खरं आहे. मुख्य साधन म्हणजे 1190चा ‘तळहातातला मोती’ हा तांगुत-चिनी शब्दसंग्रह. रशियन संशोधक कोझलोवच्या मोहिमेला तो खारा-खोतो या उजाड तांगुत शहराच्या अवशेषांत सापडला. प्रत्येक नोंदीला चार ओळी: तांगुत शब्द, त्याचा चिनी अर्थ, तांगुत उच्चार चिनी अक्षरांत आणि चिनी उच्चार तांगुत अक्षरांत. एवढंच हाती असतं तर आक्षेप मान्य करावा लागला असता. पण तांगुत लिपीत लिहिलेल्या संस्कृत धारणी (बौद्ध मंत्र) आहेत, तिबेटी लिपीत उच्चार दिलेली तांगुत पानं आहेत, आणि तांगुतांचे स्वतःचे यमककोशही आहेत. यांतलं काहीच त्या शब्दसंग्रहावर अवलंबून नाही.

शिवाय ओळ कुठल्या दिशेने वाचतो यावर बरंच ठरतं. चिनी शब्दांच्या शेवटचे प्, त्, क् तांगुत अक्षरांत दिसत नाहीत, यावरून ते चिनीतून गेले होते असं म्हणता येत नाही. तांगुत शब्द मुळात स्वरान्त, त्यांना ते लिहिताच आले नसतील. उलटी ओळ, म्हणजे चिनी अक्षरांत दिलेला तांगुत उच्चार, मात्र बोलकी आहे. संग्रहकर्ता गुले माओत्साय याचं आडनावच बघा. तांगुतमध्ये त्याची दोन्ही अक्षरं स्वरान्त. चिनीत ती ज्या चिन्हांनी लिहिली, त्यांतलं पहिलं जुन्या कोशानुसार ‘त्’ने संपतं, दुसरं ‘क्’ने. आडनाव रूढीने लिहिलं असेल म्हणून सोडून देऊ. पण पुस्तकभर हाच प्रकार आहे. ‘त्’, ‘क्’ अजून ऐकू येत असते, तर स्वरान्त शब्दांसाठी अशी अक्षरं सर्रास कोण निवडेल?

दुसरी खूण मला त्याहून पक्की वाटते. जुन्या चिनीतला ‘द’ पेइचिंगच्या आजच्या बोलीत कुठे ‘थ’ झाला, कुठे ‘त’. ते सुरावर, म्हणजे अक्षर उच्चारतानाच्या आवाजाच्या चढउतारावर, ठरतं. ‘मोती’त तो सुराची पर्वा न करता ‘थ’च्या रांगेत बसतो. तांगुतमध्ये ‘द’सारखे सघोष ध्वनी होते, म्हणजे ‘द’ लिहिता आला असता, तरीही. भाषाशास्त्रज्ञ गोंग ह्वांग-चेंग यांनी हे तपशिलाने मांडलं. उत्तर चीनमधल्या शान्शी-शेन्शी भागातल्या काही बोलींत असा सरसकट महाप्राण (‘थ’सारखा उच्चार) आजही ऐकू येतो, आणि ती साक्ष तर तांगुत कागदांच्या पूर्ण बाहेरची.

अर्थात ही चिनी वायव्येची, त्या राज्यात बोलली जाणारी. तिच्यावरून खाइफंग किंवा हांगचौ या राजधान्यांतल्या, त्याच काळच्या चिनी सुंग दरबाराचे उच्चार सांगणाराही तितकाच चुकतो.