‘स्टेअरवे’ उचललेलं आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याची सुरुवात स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’वरून उचललेली आहे, मी ते या गाण्यावरच्या माझ्या लेखात दडवलं आणि चोरीच्या मालाला अभिजात म्हटलं.

उल्लेख राहिला, ही माझी चूक. तुमचा संशयही हवेतला नाही. ‘होल लोटा लव्ह’वरून विली डिक्सनने लेड झेपेलिनला 1985 साली कोर्टात खेचलं होतं आणि पुढे त्याचं नाव श्रेयात घालावं लागलं. ‘टॉरस’ 1968चं. त्याच डिसेंबरात डेन्व्हरला दोन्ही बँड एकाच कार्यक्रमात वाजले. तेव्हा झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याच्या कानावर ते पडलंच नसेल, असं मी म्हणणार नाही.

‘टॉरस’वरून झालेल्या खटल्यात 2020 मध्ये निकाल झेपेलिनच्या बाजूने कायम झाला, पण त्याचा आधार मी घेत नाही. जुन्या कायद्यामुळे तुलनेसाठी ‘टॉरस’ची रेकॉर्ड नव्हे, फक्त नोंदवलेलं नोटेशन, म्हणजे कागदावरचं स्वरलेखन, धरलं गेलं. आपण कानांवरच विसंबू.

दोन्हींत सारखं आहे ते खर्जातून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली येणं. ही उतरण इंग्रज संगीतकार पर्सेलच्या सतराव्या शतकातल्या ऑपेरातही आहे. ती कुणा एकाची नाही, जसं एखाद्या रागाचं चलन कुणा एका गवयाचं नसतं. ‘स्टेअरवे’त खालची ओळ उतरत असताना वरची ओळ चढत जाते. ‘टॉरस’मध्ये ती चढण नाही. आणि मला हे गाणं मोठं वाटतं ते त्या पहिल्या ओळींमुळे नाहीच. आठ मिनिटांच्या गाण्यात झेपेलिनच्या बॉनमचे ड्रम्स चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात! तोवर त्यांच्याच जॉन पॉल जोन्सचे रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य), मग बारा तारांची गिटार, आणि लय नकळत वाढत राहते. विलंबितातून द्रुतात नेणारा गवई जसा घाई दिसू देत नाही, तसं. शेवटचा सोलो पेजने जुन्या टेलिकास्टर गिटारवर उत्स्फूर्तपणे दोन-तीनदा वाजवून त्यातला एक ठेवला. ही सगळी बांधणी ‘टॉरस’मध्ये कुठे आहे, ते मला दाखवा.

‘टॉरस’ रचणारा रँडी कॅलिफोर्निया 1997 साली हवाईच्या समुद्रात मुलाला वाचवताना गेला. दावा त्यानंतर, 2014 मध्ये, त्याच्या ट्रस्टच्या वतीने झाला. त्याचं नाव आणि ‘टॉरस’चा उल्लेख आजच लेखात घालतो. ‘चोरी’ हा शब्द मात्र घालणार नाही.