सिमलिंक मारला की झालं? नाही हो

पायथनचं सी मधलं एक्स्टेन्शन (कंपाइल केलेलं मॉड्यूल) इम्पोर्ट होत नाहीये, 'लिबएसएसएल डॉट एसओ १.१ सापडत नाही' म्हणतंय, तर ओपनएसएसएल लायब्ररीच्या ३ नंबरच्या फाइलला जुन्या नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) मारा, दहा सेकंदांचं काम, असा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि लोक डोळे झाकून करतायत.

आता एकेक बघू. म्हणे 'तो नंबर नुसता नावापुरता असतो'. अहो, तो मुद्दाम बदललेला असतो, जुन्या बायनरीशी (आधी कंपाइल झालेल्या कोडशी) आता जमणार नाही हे सांगायलाच. आणि ओपनएसएसएलच्या बाबतीत तर सिमलिंक मारूनही काही होत नाही कारण तिथे फंक्शनच्या नावांवर व्हर्जनचा शिक्का असतो, लोडर (लायब्ररी मेमरीत आणून जोडणारा प्रोग्राम) १.१ चा शिक्का मागतो, ३ मध्ये तो नाहीच, म्हणजे जुनी एरर जाऊन नवीन येते बस.

दुसरं, 'इम्पोर्ट झालं ना, मग झालं'. हे सगळ्यात डेंजर. लायब्ररीत व्हर्जनचे शिक्के नसतील तर लोडर फक्त नाव जुळतंय का बघतो, आर्ग्युमेंट किती, स्ट्रक्ट (सी मधला फील्डांचा गठ्ठा) केवढा, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. समजा जुन्या हेडरप्रमाणे (लायब्ररीची रचना सांगणारी फाइल) तुमच्या कोडने लांबीचं फील्ड १६ व्या बाइटवर धरलंय, नव्या लायब्ररीत मध्येच एक पॉइंटर घुसला आणि ते फील्ड २४ वर गेलं, आता तुम्ही पॉइंटरचा तुकडा लांबी समजून मेमकॉपी (तेवढे बाइट कॉपी) करताय. क्रॅश होणार भलतीकडेच, गार्बेज कलेक्टरमध्ये (पायथनची मेमरी साफ करणारा भाग) वगैरे, आणि तुम्ही दोन दिवस रेफरन्स काउंट मोजत बसणार (मी बसलोय). नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीसोबत निदान ती 'हेडरप्रमाणे ९६ हवे, मिळाले ८८' वाली एरर येते, लोक शिव्या घालतात तिला पण ती उपकारच करते.

'मग एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीत टाका' (म्हणजे लायब्ररी शोधायची जागा शेलच्या सेटिंग फाइलीत लिहा) म्हणणारे पण आहेत. त्याने त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम तीच लायब्ररी उचलायला लागतो. शिवाय एका प्रोसेसमध्ये त्या सोनेमची (लायब्ररीत लिहिलेलं नंबरासकट नाव) लायब्ररी आधीच लोड झालेली असेल तर दुसरी येतच नाही, आधी इम्पोर्ट झालेलं एक्स्टेन्शन जिंकतं, म्हणून तर इम्पोर्टच्या दोन ओळी खालीवर केल्या की एरर गायब होते आणि माणूस उगाच खूश होतो.

पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) एक्स्टेन्शन परत टाकणं अर्धं बरोबर आहे, पण पिप स्वतः बिल्ड केलेलं व्हील (तयार पॅकेज) कॅशमध्ये ठेवतं, तेच जुनं परत बसवेल. नो-बायनरी (तयार बायनरी नको) आणि नो-कॅश-डिर (कॅश नको) हे दोन्ही पर्याय द्या.

आधी एक्स्टेन्शनच्या एसओ फाइलवर एलडीडी चालवा, नेमकी कुठली लायब्ररी उचलतंय ते दिसेल, बऱ्याचदा हेडर यूएसआर-लोकलमधलं आणि लायब्ररी सिस्टिमची असा घोळ निघतो. दोन्ही एकाच ठिकाणचे करून परत कंपाइल करा. आणि एक्स्टेन्शन तुमचंच असेल तर मॉड्यूलच्या इनिटमध्ये हेडरचं व्हर्जन आणि चालू लायब्ररीचं व्हर्जन ताडून बघा, झेडलिब, एसक्यूलाइट दोघंही त्यासाठी मॅक्रो आणि फंक्शन देतात, जुळलं नाही तर तिथेच इम्पोर्ट एरर फेका.