जरासा टचअप

मिग-२१चं मॉडेल रंगवावं, पण नाशकात रंगवू नये. खरी मिग जवळच्या ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बनली, त्यामुळे इथे दर दोन गल्ल्यांमागे एक रिटायर्ड काका आहेत. ते मॉडेल डोळ्यांजवळ धरतात आणि म्हणतात, “छान जमलंय हो. फक्त पंखाच्या कडेला जरासा टचअप मारा.” २६ सप्टेंबर २०२५ला मिग हवाई दलातून निवृत्त झाली, काकांची नजर अजून ड्युटीवर आहे.

‘जरासा’ टचअप मी तरी पाहिलेला नाही. १:७२ मापात अख्खं विमान जेमतेम २० सेंटिमीटर. त्यावर ब्रशने टिपका दिला की तो डागासारखा उठून दिसतो, कारण रंग फवारणाऱ्या एअरब्रशचा थर पातळ आणि साध्या ब्रशचा जाड. म्हणून ती जागा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायची. घासताना पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेषा बुजतात. त्या सुईने पुन्हा कोरायच्या. सुई सटकते. ओरखड्यात पुट्टी भरायची. पुट्टी रंग शोषते, म्हणून वर प्राइमर. एव्हाना काम अर्ध्या पंखावर पसरलेलं असतं, तेव्हा मुकाट्याने अख्खा पंख फवारावा. रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय.

पावसाळ्यात गोदावरीला पूर येऊन पात्रातला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत पाण्यात असताना मात्र लॅकरला, म्हणजे झटपट वाळणाऱ्या थिनरच्या रंगाला, हात लावू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका होतो. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा: रंग पंखावर पोचायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब. आणि खाली एनॅमल असेल तर वर लॅकर नाहीच. त्याचा थिनर खालचा रंग उकलतो, पंखाला सुरकुत्या पडतात.

टचअप डेकलशेजारी, म्हणजे चिकटवलेल्या छापील चिन्हाशेजारी, असेल तर मास्किंग टेप आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर काढावा. नाहीतर टेपबरोबर हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र अलगद उठून येतं. नवं चक्र ग्लॉस वार्निशवरच बसवायचं. मॅटच्या खरबरीत अंगावर खाली हवा अडकते आणि डेकलची फिल्म चंदेरी चमकते.

नाकावरची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजणारी) तुटणारच, त्याबद्दल वाद नाही. तिच्या जागी इंजेक्शनची बारीक सुई टोक घासून सगळ्यात शेवटी चिकटवावी, आणि झाडझूड करणाऱ्या मावशींना शोकेसच्या त्या कप्प्यापुरती कायमची सुट्टी द्यावी.