अजिंठ्याचा उल्लेख राहिला

‘सुरुवातीच्या काळात जे. जे.चे विद्यार्थी युरोपीय नमुन्यांवरच हात बसवत राहिले,’ हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टवरच्या तुमच्या लेखातलं विधान अर्धंच खरं आहे. १८५७ला सुरू झालेल्या या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला सुरुवात केली. मधले खंड धरून १८८५पर्यंत हे काम चाललं. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी. अंधाऱ्या लेण्यांत, तेव्हाच्या निजामी मुलखात, मुंबईची ही पोरं पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बसून रेषा शिकत होती! यातल्या बऱ्याच नकला १८८५मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत गेल्या, हे वाचून आजही जीव हळहळतो. नकला करताना मूळ चित्रांवर वार्निश चढवलं गेलं, त्यानं नुकसान झालं, तेही लिहायलाच हवं.

मी बीड जिल्ह्यात चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलांना जे. जे. म्हणजे फार लांबचं, मुंबईचं काहीतरी वाटतं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उभं करून ही हकीकत सांगितली की ती चित्राकडे वेगळ्या नजरेनं बघतात. कुणी लगेच वही काढतं. लेखाच्या पुढच्या भागात अजिंठ्याला जागा द्या, ही मनापासून विनंती.