सायकल विकतोय, भंगार नाही!

"भाऊ, प्लास्टिकची सायकल अन् ६० हजार?" महिनाभर हेच ऐकून डोकं फिरलंय. अरे, कार्बन फायबर आहे ते, कार्बनच्या बारीक धाग्यांचं हलकं अन् मजबूत मटेरियल! फ्रेम जेमतेम किलोभराची. कॅरिअर कुठाय, स्टँड कुठाय, डबलसीट चालते का? काल एकजण दारव्ह्याहून आला अन् आल्याआल्या आडव्या दांडीवरच बसला. बाप्पा! ती पातळ नळी बसायसाठी नसते. आतून तडकली तर वरच्या रंगावर ओरखडाही दिसत नाही कधी कधी. आतून तडकली नाही हे दाखवायला मी नाण्यानं इंच इंच ठोकून खणखणीत आवाज ऐकवला, तर म्हणे, "१० हजारात द्या, पोराले शाळेत जायला होईल." पहाटे ४ ला उठून यवतमाळच्या घाटात घाम गाळलाय हिच्यावर. १० हजारात काहून देऊ?