तिकडची किंमत आणि दारातली किंमत

नवा फोन बाजारात आला की घरच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच वाद सुरू होतो. एक काका लिहितात, अमेरिकेत हाच फोन केवढा स्वस्त, इथे ड्युटीने लुटतात. दुसरे लिहितात, ड्युटी नसती तर फोन भारतात बनलेच नसते. भांडण मिटतं ते दोघांच्या एकमताने: न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगा, ऑनलाइन मागवून पाठवून देईल. अमेरिकेत राहून माझं मत पक्कं झालं आहे की कुरियरने पाठवलेलं इलेक्ट्रॉनिक सामान बहुतेक वेळा महागच पडतं. त्यातला मनस्ताप पाठवणाऱ्याच्या नाही, घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

मुळात तुलनाच चुकते. अमेरिकेतल्या दुकानाची छापील किंमत विक्रीकर सोडून असते, भारतातली एमआरपी सगळे कर धरून. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के कर वर चढतो. शेजारच्या डेलावेअरमध्ये आणि पश्चिमेकडच्या ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, म्हणूनच माल पुढे पाठवणाऱ्या अनेक कंपन्यांची गोदामं तिथे असतात. कर वाचला, पण पुढचा हिशोब त्याहून मोठा आहे.

कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. ८०० डॉलरचा फोन आणि ५० डॉलर कुरियर धरा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फोनवरची मूळ ड्युटी २० वरून १५ टक्के झाली. त्या दराने ८५० वर १२७.५० डॉलर. त्या ड्युटीच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १२.७५. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे आणखी १७८ च्या वर. दारात पोचेपर्यंत ८५० चे जवळपास १,१६८ होतात, आणि कुरियर कंपनीचं ड्युटी आगाऊ भरल्याचं शुल्क वेगळं. हा झाला कस्टमच्या दरपत्रकातल्या फोनच्या शीर्षाखालचा, म्हणजे फोनच्या गटाचा हिशोब. वैयक्तिक वापराच्या पार्सलसाठी ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष आहे आणि त्याचा दर बदलत आला आहे. म्हणून ज्या आठवड्यात पाठवायचं, त्या आठवड्यात कुरियरकडून आकडा लेखी घ्यावा.

'भेट म्हणून लिहून टाक' हा सल्ला अजून फिरतो. तो जुना झाला. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला पूर्वी सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली. पोस्टाने किंवा कुरियरने भेट म्हणून ड्युटीशिवाय सोडवता येतात ती फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा त्यात बसत नाही. हा निर्णय मला आजही जाचक वाटतो. परदेशी दुकानं भेटीच्या नावाखाली माल घुसवत होती हे खरं, पण त्यांना रोखताना आईला पाठवलेलं घड्याळही त्याच जाळ्यात आलं. लहान रकमेची, वर्षातून एकदा, आधार जोडून अशी सूट देता आली असती.

अर्थात अमेरिकेत बसून 'भारतातच असं' म्हणण्याची सोय आता राहिली नाही. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद केली. त्याच्या चार दिवस आधी भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली. दिवाळी त्याच्या पुढच्याच आठवड्यात होती. फराळ पोस्टाने पाठवणाऱ्या आयांना तेव्हा जे कळलं, ते फोन मागवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

ड्युटीपेक्षाही मोठी फसगत वस्तूच्या निवडीत होते. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. चार्जरवर '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' छापलं असेल तर फक्त पिन बदलायची. ते नसेल तर वस्तू मागवूच नये. १,५०० वॉटचा केस वाळवण्याचा ड्रायर २३० व्होल्टवर साडेपाच हजार वॉटच्या आसपास ओढू पाहतो, कारण व्होल्टेज दुपटीजवळ गेलं की उष्णता जवळपास चौपट होते. तो काही क्षणांत जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर वस्तूच्या वॉटच्या दीडपट क्षमतेचा लागतो, आणि तोही फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेवढेच राहतात. विजेच्या हर्ट्झवर चालणारं अमेरिकी घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

फोनचंही तसंच. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. आजीचं सिम काढून त्यात घालता येत नाही, आणि फोन बिघडला की बँकेचा ओटीपी दुसऱ्या हँडसेटवर लगेच घेता येत नाही. मोबाइल कंपनीकडून सवलतीत घेतलेला फोन बहुतेकदा लॉक, म्हणजे त्याच कंपनीला बांधलेला असतो, तो भारतातल्या कुठल्याच सिमवर चालत नाही. ऑर्डर करताना 'अनलॉक्ड' शब्द पाहावा. ड्रोन तर मुळीच पाठवू नये, फेब्रुवारी २०२२ पासून त्यांच्या आयातीवर बंदी आहे. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहू म्हणून जात नाही. पॉवरबँक न्यायचीच तर ती हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, विनापरवानगीच्या १०० च्या मर्यादेत.

मग लॅपटॉप? तो कुरियरने नकोच, माणसाबरोबर यावा. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो आणि तो सामानाच्या सवलतीत मोजला जात नाही. बाकी सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. निघण्याआधी त्या दिवसाची मर्यादा कस्टमच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. नवरा-बायकोच्या मर्यादा जोडून एकच महाग वस्तू मात्र आणता येत नाही.

एवढ्यावरही कुरियरच करायचं असेल, तर खोक्याचा आकार आधी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं आत दीड किलो असलं तरी ४.८ किलोचं भाडं घेतं. दुकानाचं जाड खोकं काढून नेमक्या मापाच्या खोक्यात भरलं तर भाडं निम्म्यावर येऊ शकतं. खरं बिल आत आणि बाहेर दोन्हीकडे लावा. किंमत कमी लिहिली तर अधिकारी स्वतः मूल्य ठरवतात आणि पार्सल मुंबईतल्या सहारच्या कुरियर टर्मिनलवर अडकून पडतं. घेणाऱ्याचं केवायसीही लागतं, नाव आधारवर आहे तसंच लिहावं.

आणि पार्सल निघण्याआधी घरी फोन करून आई-बाबांना ट्रॅकिंग क्रमांक, कुरियरचं नाव आणि अंदाजे ड्युटी वहीत लिहायला सांगा. 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या खात्यात पैसे टाका' असे फोन याच काळात जास्त धोक्याचे, कारण खरोखरच पार्सल येणार असतं. कस्टमच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ड्युटी कुणा व्यक्तीच्या खात्यात भरली जात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला, तर फोन ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं, हेही त्याच वहीत लिहून ठेवायला सांगा.